आधी मयत, मग बारसं : काळाची उलटापालट केलेली कादंबरी कशी वाचावी

"पन्नास पानं झाली. माणसं येतायत, जातायत. कुणी मेलंय म्हणतात आणि पुढच्या पानावर ते चांगलं हिंडतंय. गोष्ट सुरू कधी होणार?"

अरुंधती रॉय यांच्या 'द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज'बद्दल ही तक्रार मी इतक्यांदा ऐकलीय की उत्तर आता पाठ झालंय : गोष्ट संपलीसुद्धा. पहिल्याच प्रकरणात संपली. आता उरलेली वीस प्रकरणं ती कशी घडली ते बघायचंय.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. हे पुस्तक मी स्वतः दोनदा अर्ध्यात ठेवून दिलं होतं. तिसऱ्यांदा एक कागदाची चिठ्ठी घेऊन बसले आणि पार झाले. त्या चिठ्ठीची कृती आणि आजूबाजूचे काही उपाय इथे देते. उदाहरण जवळजवळ सगळीकडे याच कादंबरीचं घेतलंय, कारण १९९७च्या बुकर पारितोषिकापासून ती अनेक घरांत आहे आणि त्यातल्या बऱ्याच घरांत अर्धवट वाचलेली आहे. मूळ इंग्रजी जड जात असेल तर अपर्णा वेलणकरांचा मराठी अनुवाद आहे. गोष्ट फुटेल ही भीती बाळगू नका. पहिल्या प्रकरणात लेखिकेने स्वतः जे फोडलंय ते मी सांगणार आहे. त्यापलीकडे एक-दोन गोष्टी सांगेन, त्याही अगदी गरजेपुरत्या.

आधी भीती घालवा

पानशेतचा पूर पाहिलेल्या एखाद्या आजीला त्याबद्दल विचारून बघा. १२ जुलै १९६१ला धरण फुटलं, मग पाणी शहरात शिरलं, मग ओसरलं, असं ती सांगणार नाही. ती सुरुवात करेल चिखलात सापडलेल्या पितळी डब्यापासून. डब्यावरून जाऊबाईंवर जाईल, जाऊबाईंवरून त्यांच्या लग्नात झालेल्या मानपानावर, आणि तासाभराने कधीतरी पाणी जिन्यापर्यंत येईल. आपण मधे "मग धरण कधी फुटलं?" असं विचारत नाही. तिला डबा आधी का आठवला, हे आपल्याला न सांगता कळतं. म्हणजे ही विद्या आपल्याकडे आहे. छापील पुस्तक समोर आलं की आपण ती विसरतो, इतकंच.

दुसरं उदाहरण त्याहून मोठं. महाभारतात भीष्मपर्वात संजय रणांगणावरून येतो आणि धृतराष्ट्राला पहिली बातमी देतो ती भीष्म पडल्याची. ही दहाव्या दिवसाची बातमी. राजा विलाप करतो, खोदून खोदून विचारतो, आणि त्यानंतर संजय पहिल्या दिवसापासून युद्ध सांगायला लागतो. गीता येते ती या सांगण्यात. म्हणजे 'धर्मक्षेत्रे कुरुक्षेत्रे' असं म्हणून "माझ्या मुलांनी आणि पांडवांनी काय केलं?" विचारणाऱ्या धृतराष्ट्राला भीष्म शरशय्येवर आहेत हे आधीच ठाऊक आहे. आपण गीता सुटी वाचतो, त्यामुळे तो श्लोक आपल्याला साधी चौकशी वाटते. जागेवर ठेवून वाचला की त्याचा सूर पार बदलतो. हरल्याची कुणकुण लागलेला बाप विचारतोय.

घटना त्याच, क्रम बदलला, आणि प्रश्नाचा अर्थ बदलला. या लेखात मला सांगायचंय ते एवढंच आहे. बाकीचं सगळं हाताला सवय लावण्यासाठी.

पायरी १ : दहा मिनिटं नुसतं चाळा

वाचायला बसण्याआधी पुस्तक भाजीसारखं निवडून घ्या. अनुक्रमणिका बघा. प्रकरणांच्या डोक्यावर तारखा आहेत का? काही लेखक देतात. विल्यम फॉकनरच्या 'द साउंड अँड द फ्युरी' (१९२९) या कादंबरीचे चार भाग आहेत आणि त्यांवर अनुक्रमे ७ एप्रिल १९२८, २ जून १९१०, ६ एप्रिल १९२८ आणि ८ एप्रिल १९२८ अशा तारखा आहेत. भूल पडू नये म्हणून पाटी लावली आहे, पण भागाच्या आत शिरल्यावर पाटीचा फारसा उपयोग होत नाही. नवख्याने तिथून सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या पुस्तकात क्वेंटिन नावाची दोन माणसं आहेत, एक मामा आणि एक भाची. सांगून ठेवते, पुढे कधी वाचलंत तर शिव्या कमी द्याल.

रॉय यांच्या प्रकरणांवर तारखा नाहीत, फक्त नावं आहेत. पण प्रकरणाच्या आत मधेमधे एक ओळ मोकळी सोडलेली दिसेल. ती मोकळी ओळ म्हणजे उंबरठा. ओलांडताना पाय उचलायचा. तिथे काळ बदललेला असू शकतो, वर्ष बदललेलं असू शकतं, माणूस वीस वर्षांनी मोठा झालेला असू शकतो. घाईत वाचणाऱ्याला ती ओळ दिसतच नाही, आणि पुढे अर्धं पान तो चुकीच्या वर्षात हिंडतो. माझ्या पहिल्या दोन अपयशांचं अर्धं कारण या रिकाम्या ओळी होत्या.

कागदी प्रत मिळाली तर तीच घ्या. मागेपुढे बोट घालून बघणं मोबाइलवर जमत नाही.

पायरी २ : पहिलं प्रकरण समजून घेऊ नका

हो, घेऊ नका. पहिलं प्रकरण हे दारातल्या चपलांसारखं असतं. आत कोणकोण आहे याचा अंदाज तेवढा घ्यायचा.

केरळात कोट्टायमजवळचं अयमनम. जूनचा पाऊस. एकतीस वर्षांची राहेल अमेरिकेतून घरी परत आली आहे. तिचा जुळा भाऊ एस्था आधीच परत आलाय, आणि तो कुणाशीही बोलत नाही. घरात म्हातारी बेबी कोचम्मा आहे. इथून प्रकरण मागे उडी मारतं. जुळ्यांचा जन्म येतो, मग त्यांच्या मामेबहिणीची, सोफी मोलची, अंत्यविधीची प्रार्थना. नऊ वर्षंही पुरी न झालेली मुलगी शवपेटीत आहे. त्यानंतर जुळ्यांची आई अम्मू त्यांना घेऊन पोलीस ठाण्यात जाते. परतताना ती, 'तो' मेला आणि मी त्याला मारलं, असं काहीतरी पुटपुटते. तो कोण, याचा नवख्या वाचकाला पत्ता नसतो. पंधरा दिवसांनी एस्थाला रेल्वेत बसवून वडिलांकडे पाठवून देतात.

एवढं एका प्रकरणात. डोकं भणभणणं साहजिक आहे. तुम्ही फक्त तीन गोष्टी उचला : कोण गेलं, कोण उरलं, कोण परत आलं. बाकी राहू द्या. नावं विसरली तरी चालेल. ती इतक्या वेळा येणार आहेत की पाठ होतील.

याच प्रकरणाच्या शेवटी एक गमतीचा भाग आहे, तो मात्र सावकाश वाचा. हे सगळं नेमकं कुठून सुरू झालं, असा प्रश्न निवेदकच काढतो. सोफी मोल अयमनमला आली तिथून म्हणायचं? की त्याच्या कितीतरी आधी, मार्क्सवादी यायच्या आधी, इंग्रजांच्या आधी, डचांच्या आधी, वास्को द गामाच्याही आधी? करता करता गाडी थांबते ती कुणी कुणावर प्रेम करावं आणि किती करावं याचे नियम ज्या दिवशी ठरले तिथे. क्रमाने सांगायचं म्हटलं तर पहिलं पाऊल कुठलं, हेच ठरत नाही. म्हणून क्रम मोडलाय. पुस्तकाने आपली पद्धत स्वतःच सांगून टाकली आहे, आणि आपण मात्र इथे येईपर्यंत वैतागून जांभया देत असतो.

पायरी ३ : दोन 'आत्ता' शोधा

अशा कादंबऱ्यांत दहा काळ दिसत असले तरी खुंट्या सहसा दोन-तीनच असतात. बाकीचे कपडे त्यांवर टांगलेले असतात. खुंट्या सापडल्या की निम्मं काम झालं.

इथे खुंट्या दोन आहेत. पहिली म्हणजे डिसेंबर १९६९ मधले साधारण पंधरा दिवस. जुळी सात वर्षांची आहेत आणि सोफी मोल इंग्लंडहून येते. दुसरी खुंटी तेवीस वर्षांनंतरची, राहेल परतल्यानंतरचे पावसाचे दिवस. आजोबांचा पतंग, अम्मूचं फसलेलं लग्न, चाकोमामाचं ऑक्सफर्ड, आजीचा लोणच्याचा कारखाना, हे सगळं या दोनपैकी एका खुंटीला टांगलेलं आहे.

आता एक किल्ली देते. ही मला तिसऱ्या वाचनात सापडली आणि आधी का दिसली नाही म्हणून स्वतःचाच राग आला. दुसऱ्या प्रकरणापासून दहाव्यापर्यंत कादंबरी पाळीपाळीने चालते. २, ४, ६, ८, १० ही सम प्रकरणं १९६९ची. ३, ५, ७, ९ ही विषम प्रकरणं नंतरच्या काळातली. आतल्या आत उड्या आहेतच, पण मुक्काम ठरलेला आहे. दहाव्यानंतर ही पाळी मोडते, पण तोवर तुम्हाला दोन्ही घरांचे जिने ओळखीचे झालेले असतात. दुसरी कुठलीही कादंबरी घ्या, पहिली चार-पाच प्रकरणं झाली की थांबून अशी पाळी आहे का ते बघा. पुष्कळदा असते.

दुसरं प्रकरण लांबलचक आहे आणि नवखे वाचक गळतात ते इथे. तेव्हा त्यावर थोडं जास्त बोलते.

या प्रकरणात प्रत्यक्ष घडतं काय? घरातली मंडळी आकाशी रंगाच्या प्लिमथ गाडीतून कोचीनला निघाली आहेत. रेल्वे फाटकाशी गाडी अडकते, बाजूने कम्युनिस्टांचा मोर्चा जातो. बस. पण या अडकलेल्या गाडीत बसवून लेखिका तुम्हाला दोन पिढ्यांचा इतिहास फिरवून आणते. आजोबांनी शोधलेला पतंग, त्यांचं आजीला मारणं, अम्मूचं आसामच्या चहामळ्यावरचं लग्न, केरळात कम्युनिस्ट पक्ष कसा रुजला त्याचं टिपण. वाचणारा विचारतो, मी कुठे आहे? उत्तर सोपं आहे. गाडी फाटकाशी उभी आहे. तुम्ही कितीही लांब गेलात तरी परत गाडीतच येणार आहात. मी या प्रकरणात पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक 'गा' लिहीत गेले, जिथे जिथे आपण गाडीत परत येतो तिथे. तेवढ्याने बुडायचं थांबलं.

कुठल्याही प्रकरणात आपली गाडी कुठली ते ठरवा. कुणी जेवायला बसलेलं असेल, कुणी बसची वाट बघत असेल, कुणी मयताशेजारी बसलेलं असेल. ती बैठक धरून ठेवा आणि आठवणींना हवं तिकडे जाऊ द्या.

पायरी ४ : तारखा नकोत, खुणा धरा

आपल्या घरात साल कुणाला आठवतं? "बहात्तरच्या दुष्काळात थोरली पोटात होती" किंवा "नवा फ्रिज आला त्याच्या आधीची गोष्ट" असा हिशेब चालतो. कादंबरीतही तोच चालवा. वस्तू, केस, नदी, गाडी यांवरून काळ ओळखायचा.

राहेलचे केस डोक्यावर कारंज्यासारखे बांधलेले आणि त्यांत 'लव्ह इन टोकियो' म्हणजे दोन मण्यांचं रबर असेल, तर १९६९. एस्थाच्या कपाळावर एल्विससारखा केसांचा फुगा आणि पायांत टोकदार बूट असतील, तर १९६९. प्लिमथ रस्त्यावर धावत असेल तर १९६९, दारात गंजत उभी असेल तर नंतरचा काळ. मीनाचल नदी भरून वाहत असेल तर मुलांचं बालपण. नदी आटून गटारासारखी झाली असेल, पलीकडच्या पडीक बंगल्याच्या जागी पंचतारांकित हॉटेल आलं असेल, तर राहेल मोठी झालेली आहे. बेबी कोचम्मा बागेत रमलेली असेल तर आधीचं, टीव्हीसमोर खिळलेली असेल आणि छपरावर डिश असेल तर नंतरचं.

क्रियापदांवर मात्र विसंबू नका. मूळ इंग्रजीत दोन्ही काळ बहुतांशी भूतकाळातच सांगितलेले आहेत. व्याकरण तुम्हाला वाट दाखवणार नाही, रबराचे मणी दाखवतील.

आणि हिशेब फार काटेकोर करत बसू नका. जुळ्यांचा जन्म नोव्हेंबर १९६२चा, चीनशी युद्ध चालू असतानाचा. त्यावरून वयं आणि तेवीस वर्षांची बेरीज जुळवायला गेलात तर एखादं वर्ष इकडेतिकडे होतं. मी एक अख्खी संध्याकाळ त्यात घालवली. पंचांग घेऊन कादंबरी वाचणाऱ्याचं असंच होतं. सात वर्षांच्या राहेलच्या मनगटावर एक खेळण्यातलं घड्याळ आहे, त्यावर वेळ रंगवलेली आहे, दोनला दहा कमी. काटे हलत नाहीत. वेळ आपल्याला हवी तशी बदलता येईल असं घड्याळ तिला हवंय. हे घड्याळ पुढे पुन्हा सापडेल, नको त्या जागी. माझी बेरीज चुकली त्याचं मग काही वाटलं नाही.

पायरी ५ : चिठ्ठी

पोस्टकार्डाएवढा कोरा कागद. तोच बुकमार्क. मधोमध उभी रेघ, डावीकडे '६९', उजवीकडे 'नंतर'. मागच्या बाजूला माणसं.

डाव्या-उजव्या रकान्यांत वाचता वाचता दोन-तीन शब्दांच्या नोंदी करायच्या. 'फाटक, मोर्चा'. 'थिएटर'. 'विमानतळ'. वाक्यं लिहायची नाहीत. पुढे पान क्रमांक टाका. एखादी गोष्ट कुठे बसते ते कळत नसेल तर रेघेवरच लिहा आणि पुढे प्रश्नचिन्ह काढा. ही प्रश्नचिन्हं सगळ्यात मोलाची. शंभर पानांनी त्यातलं एखादं आपोआप डावीकडे किंवा उजवीकडे सरकतं, तेव्हा जो आनंद होतो तो शब्दकोडं सुटल्याचा असतो.

मागच्या बाजूला माणसांची उतरंड तुम्हीच काढा. या कुटुंबात ममाची, पपाची, बेबी कोचम्मा, कोचू मारिया, मार्गारेट कोचम्मा अशी नावं आहेत. त्यांतली निम्मी ही नावं नसून नाती किंवा मानाच्या हाका आहेत. 'कोचम्मा' दोघींना लागतं आणि त्या दोघींचं आपसांत काही नातं नाही म्हटलं तरी चालेल. आपल्याकडे घरात दोन 'काकू' असतात तसंच. कुणाची मुलगी कोण एवढी रेघ मारली की पुरे.

चिठ्ठी भरली तर दुसरी घेऊ नका. जागा संपते म्हणजे तुम्ही जास्त लिहिताय.

इंटरनेटवर तयार कालरेषा मिळते हे मला माहीत आहे. पहिल्या वाचनात ती बघू नका. दुसऱ्याने सोडवलेलं गणित वहीत उतरवून घेतलं तर गणित येत नाही, आणि वर ही गणिताची वही नाहीच.

पायरी ६ : तीच गोष्ट पुन्हा आली तर वैतागू नका

क्रमाने चालणारी कादंबरी एक प्रसंग एकदा सांगते. ही पाच वेळा सांगेल. तुकड्या-तुकड्यांनी, कधी नुसता वास, कधी एक रंग, कधी अर्धं वाक्य. जुन्या गुलाबांसारखा एक गोडसर, मळमळ आणणारा वास या पुस्तकात वारंवार येतो. पहिल्यांदा येतो तेव्हा तो लेखिकेचा अलंकार वाटतो. १८व्या प्रकरणापर्यंत पोचलात की तो कशाचा वास आहे ते कळतं, आणि तेव्हा पुस्तक थोडा वेळ खाली ठेवावं लागतं. मी ठेवलं होतं.

प्रत्येक फेरीला एकच प्रश्न विचारा : या खेपेला नवं काय मिळालं? काहीतरी असतंच. एखादा शब्द, कोण उभं होतं ते, कुणी बघितलं ते. भिजवलेली मटकी पहिल्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी बघावी तसं. दाणा तोच, पण मोड फुटलेला.

उलट एखाद्या प्रकरणात गोष्ट अचानक सरळ, ओळीने, वेळ न चुकवता सांगायला लागली, तर सावध व्हा. इतका वेळ ज्याच्याभोवती घिरट्या घातल्या ते आता आलंय.

पायरी ७ : 'आधी काय झालं' नव्हे, 'इथेच का सांगितलं'

इथवरच्या सगळ्या पायऱ्या न बुडण्यासाठी होत्या. पोहणं आता सुरू होतं.

बरेच जण क्रम लावला की पुस्तक कळलं असं समजतात. मनातल्या मनात सगळी पानं सुटी करून, तारखेने लावून, पुन्हा शिवून टाकतात. तसं करून बघा खुशाल. सोफी मोल येते, अपघात होतो, पोलीस येतात, अम्मू घराबाहेर पडते, एस्थाला पाठवतात, तेवीस वर्षं जातात, राहेल परत येते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बसेल एवढी गोष्ट झाली. दुःखद आहे, पण आपण चहा पिता पिता वाचून पान उलटू.

आता जशी लिहिली तशी घ्या. सोफी मोल मरणार हे आपल्याला पहिल्यापासून माहीत आहे. त्यामुळे विमानतळावर ती उतरते, घरचे नटून उभे असतात, केक कापला जातो, तेव्हा त्या केकचा घास आपल्या घशात अडकतो. पात्रांना माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. क्रमाने सांगितलं असतं तर 'पुढे काय' ही उत्सुकता मिळाली असती. त्याऐवजी 'अरे, जाऊ नका तिकडे' अशी घालमेल मिळते. रहस्य गमावून लेखिकेने ती घालमेल विकत घेतली आहे. सौदा फायद्याचा की तोट्याचा हे ज्याने त्याने ठरवावं. मला विचाराल तर फायद्याचा.

यातलं सगळ्यात थेट उदाहरण म्हणजे शेवटचं, २१वं प्रकरण. ते घटनाक्रमात शेवटचं नाहीच. सगळ्या अनर्थाच्या आधीची एक रात्र त्यात आहे, नदीकाठची, सुखाची. आणि पुस्तकाचा शेवटचा शब्द आहे 'उद्या'. त्या दोन माणसांना उद्याची आशा आहे. आपण त्यांचा उद्या तीनशेहून जास्त पानं वाचून आलोय. हाच प्रसंग तारखेने लावला असता तर कुठेतरी मधे येऊन गेला असता. शेवटी ठेवल्यामुळे पुस्तक मिटताना हातात मरण राहत नाही, ती रात्र राहते. पण कुठल्या किमतीची, तेही राहतं. प्रकरणाचं नावही किमतीबद्दलच आहे.

म्हणून प्रत्येक मोठ्या उडीपाशी क्षणभर थांबा. या पानावरून त्याच पानावर का उडी मारली? मधे काय सांडलं? दोन तुकड्यांत काय सामाईक आहे, एखादी वस्तू, शब्द, वास? उत्तर प्रत्येक वेळी मिळेलच असं नाही. काही उड्या उगाचच असतात, लेखकालाही कधी मोह होतो. दहातल्या तीन ठिकाणी जरी उत्तर मिळालं तरी तुम्ही वाचायला शिकलात.

बाराव्या प्रकरणात देवळात रात्रभर कथकली चालतं. राहेल आणि एस्था, मोठे झालेले, बघत बसतात. कर्णाची गोष्ट, मग भीमाचा सूड. सगळ्यांना पाठ असलेली. थोर कथांमध्ये गुपित नसतं, त्यांचा शेवट ठाऊक असूनही आपण पुन्हा जाऊन बसतो, असं लेखिका तिथे म्हणते. कोकणात दशावतार बघत पहाट केलेल्याला हे वेगळं सांगायला नको. राक्षस मरणार हे लहान पोरालाही माहीत असतं, तरी कुणी उठत नाही.

अडलात तर

मागे जायचं नाही. हा नियम कडक पाळा. काही कळलं नाही म्हणून वीस पानं मागे गेलात की पुन्हा तिथेच अडाल आणि पुस्तक कपाटात जाईल. पुढे चला. ही पुस्तकं वाचकाने विसरणार हे धरूनच लिहिलेली असतात, म्हणून तर तीच गोष्ट पुन्हा सांगतात.

रोज थोडं वाचा, पण उंबरठ्यावर थांबा. म्हणजे मोकळ्या ओळीपाशी. परिच्छेदाच्या मधे थांबलात तर दुसऱ्या दिवशी कुठल्या सालात उभे आहात ते शोधण्यात दहा मिनिटं जातील. चार दिवस खंड पडला तर चिठ्ठी वाचा, पुस्तक नव्हे.

आणि खरंच रुचत नसेल तर सोडा. शंभर पानांनंतर सोडायला हरकत नाही. चाळीसाव्या पानावर सोडू नका, तेवढ्यात अजून फाटकही उघडलेलं नसतं.

संपल्यावर त्याच दिवशी

शेवटचं पान मिटलं की लगेच पहिलं प्रकरण पुन्हा वाचा. अर्धा-पाऊण तास लागेल. ज्या 'तो'चा पत्ता नव्हता तो आता चेहऱ्यासकट समोर येईल. एस्था का बोलत नाही ते माहीत असेल. पहिल्या खेपेला जी वाक्यं गूढ म्हणून सोडून दिली होती ती साधी, सरळ निघतील, आणि जी साधी वाटली होती त्यांच्यावरून पुढे सरकता येणार नाही. या वाचनात चिठ्ठी लागत नाही.

यानंतर काय वाचावं

एवढ्या मोठ्या पुस्तकाने सुरुवात करायची धास्ती वाटत असेल तर आधी गाब्रिएल गार्सिया मार्केझची 'क्रॉनिकल ऑफ अ डेथ फोरटोल्ड' (१९८१) घ्या. छोटी आहे, सव्वाशे पानांच्या आतबाहेर. पहिल्याच वाक्यात खून होणार हे सांगून टाकते, मारेकरी कोण तेही लगेच कळतं, आणि निवेदक २७ वर्षांनी गावात परत येऊन ती सकाळ पुन्हा पुन्हा विचारत फिरतो. पायरी सहाचा सराव करायला याहून चांगलं पुस्तक मला माहीत नाही.

मराठीतच वाचायचं असेल तर किरण नगरकरांची 'सात सक्कं त्रेचाळीस' (१९७४). तिच्यात काळाचे तुकडे आहेत आणि ते जोडून द्यायची जबाबदारी लेखकाने घेतलेली नाही. इथे सम-विषमची किल्ली चालणार नाही, 'गाडी कुठे आहे' हेसुद्धा दर वेळी सापडणार नाही. पण भाषा आपली असल्यामुळे खुणा पटकन ओळखू येतात.

आणि हुलियो कोर्तासारची 'हॉपस्कॉच' (१९६३) कुणी हातात दिलीच, तर तिच्यात १५५ प्रकरणं आहेत आणि ती दोन क्रमांनी वाचता येतील असं लेखकानेच सुरुवातीला सांगून ठेवलंय. एक क्रम सरळ, ५६व्या प्रकरणाला संपणारा. दुसरा ७३व्या प्रकरणापासून सुरू होऊन उड्या मारत जाणारा. मी सरळ क्रमाने वाचली. उड्यांचा क्रम वाचायला काढलाय, चिठ्ठी सध्या ३६व्या प्रकरणात आहे.